अल्ट्रा आणि स्टेडियम रन: या चुका टाळा

"ताई, तीन हाफ मॅरेथॉन झाल्या, जानेवारीत फुल मॅरेथॉनपण झाली. आता बारा तासांच्या स्टेडियम रनला नाव घालू का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालंय: नाव घाला, पण घाई करू नका. उत्तरातलं पहिलं वाक्य सगळे ऐकतात. दुसरं ऐकणारे फार थोडे, आणि मग पहाटे तीन वाजता ट्रॅकच्या कडेला त्याच त्या चुका पुन्हा बघाव्या लागतात.

मी धावते, पण हल्ली माझा जास्त वेळ दुसऱ्यांच्या क्रूमध्ये जातो. म्हणजे टेबल मांडायचं, बाटल्या भरायच्या, फेऱ्या लिहायच्या आणि आपला माणूस समोरून गेला की त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायचं. रस्त्यावरच्या शर्यतीत धावणारा तासन्तास नजरेआड असतो. स्टेडियममध्ये तो दर तीन-चार मिनिटांनी समोरून जातो, त्यामुळे चूक कधी सुरू झाली आणि तिची किंमत कधी वसूल झाली, दोन्ही दिसतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीपुढचं कुठलंही अंतर म्हणजे अल्ट्रा. काही शर्यतींत अंतर ठरलेलं असतं: लोणावळ्याची ५० किमी, लडाखमधली ७२ किमीची खारदुंगला, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स. काहींत वेळ ठरलेली असते, ६, १२ किंवा २४ तास, आणि तेवढ्या वेळात जमेल तेवढं अंतर कापायचं. मुंबईत १५ ऑगस्टला शिवाजी पार्कहून निघणारी बारा तासांची धाव या दुसऱ्या प्रकारातली. स्टेडियम रनही तशीच, फक्त सगळं ४०० मीटरच्या ट्रॅकवर.

पहिल्या दोन तासांतला वेग

सगळ्यात जास्त लोकांना आडवी करणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

हिशेब साधा आहे. बारा तासांत १०० किमी करायचे तर सरासरी ७ मिनिटं १२ सेकंदांना एक किलोमीटर पडतो. त्यात पाणी, खाणं, लघवी, मोजे बदलणं सगळं आलं. ८० किमी करायचे असतील तर ९ मिनिटं. साडेचार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याला ९ मिनिटांचा पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) इतका संथ वाटतो की त्याला तो वेळेचा अपव्यय वाटायला लागतो. मग तो म्हणतो, "आत्ता अंगात दम आहे तोवर अंतर काढून ठेवतो, नंतर हळू झालं तरी चालेल."

असं अंतर काढून ठेवता येत नाही. वेग जितका जास्त, तितकी शरीराची ओढ चरबीपेक्षा ग्लायकोजेनकडे (शरीरात साठवलेल्या साखरेकडे) जास्त, आणि ग्लायकोजेनचा साठा काही तासांत संपण्याइतकाच असतो. तो भरून काढायला खावं लागतं. पण जोरात धावताना रक्त पोटाकडून पायांकडे वळलेलं असतं, त्यामुळे खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. तिसरी गोष्ट मांड्यांची. पहिल्या दोन तासांत स्नायूंना बसलेला मार तेव्हा जाणवत नाही. तो सहाव्या-सातव्या तासाला जाणवतो आणि तेव्हा त्यावर इलाज नसतो.

एका रात्रीच्या बारा तासांच्या शर्यतीत माझ्या शेजारचं टेबल एका तरुणाचं होतं. हिंजवडीत नोकरी, मॅरेथॉन पावणेचार तासांच्या आत, अंगानं सडपातळ, टार्गेट १००. सोबत धाकटा भाऊ, कॉलेजात शिकणारा. तो मांडीवर वही घेऊन प्रत्येक फेरीची वेळ लिहीत होता. संध्याकाळी सहाला शर्यत सुटली आणि दादाच्या फेऱ्या २ मिनिटं १५ ते २० सेकंदांत यायला लागल्या. म्हणजे पावणेसहाचा पेस. भावानं वही उंच करून ओरडून सांगितलं, "दादा, पावणेतीनची फेरी ठरली होती ना!" दादानं हात हलवला, "अरे मस्त वाटतंय!" दोन तासांत साडेवीस किलोमीटर झाले, चार तासांत ३९. बोर्डावर त्याचं नाव पहिल्या पाचात होतं आणि प्रत्येक फेरीला टाळ्या मिळत होत्या.

मी त्या रात्री साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेच्या क्रूमध्ये होते. पन्नाशी उलटलेली बाई. आमचं ठरलं होतं: ३०० मीटर धावायचं, १०० मीटर चालायचं, अगदी पहिल्या फेरीपासून. चालायचा भाग नेहमी एकाच वळणावर, टेबलांच्या समोर, म्हणजे चालता चालता घोटभर पिता येतं, तोंडात काही टाकता येतं. फेरीला ३ मिनिटं २० सेकंद. पहिल्या तासात सगळं मैदान तिला ओलांडून जात होतं. एकानं काळजीनं विचारलंसुद्धा, "काकू, बरं वाटतंय ना? आत्तापासून चालताय?" ती फक्त हसली. चार तासांत तिचे २८ किमी झाले होते, दादापेक्षा ११ किमी मागे.

साडेअकराच्या सुमारास दादा टेबलाशी आला आणि नुकतंच प्यायलेलं सगळं त्यानं लॉनवर ओकून टाकलं. त्यानंतर फेऱ्या चार मिनिटांच्या झाल्या, मग पाचच्या. जेल (धावताना घ्यायचं साखरेचं घट्ट मिश्रण) बघूनच त्याला मळमळत होतं. मांड्या इतक्या आखडल्या होत्या की ट्रॅकच्या कडेची छोटी पट्टी ओलांडायला त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. आठ तासांनी त्याचे ६० झाले होते आणि बाईंचे ५६. तीनच्या सुमारास ती त्याच्या पुढे गेली. तेव्हाही तिची फेरी तीन-वीस ते तीन-चाळीसच्या मधेच होती. सकाळी सहाला शर्यत थांबली तेव्हा तिचे ८३ किमी पुरे झाले होते आणि त्याचे ६८. शेवटचे चार तास तो जवळजवळ चालतच होता, आणि चालायची सवय नसल्यामुळे तेही धड जमत नव्हतं.

मुलगा तिच्यापेक्षा कितीतरी जोरकस होता, यात शंकाच नाही. पहिले चार तास ३९ ऐवजी ३३ वर राहिला असता तर ९० च्या पुढे सहज गेला असता, असं मला आजही वाटतं.

हे फक्त हौशी लोकांचं गणित आहे असं समजू नका. लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिननं सप्टेंबर २०२२ मध्ये व्हेरोनाला २४ तासांत ३१९.६१४ किमी केले, म्हणजे साधारण साडेचार मिनिटांचा पेस. त्याच वर्षी हाच माणूस १०० किमी ६ तास ५ मिनिटं ४१ सेकंदांत धावला होता, म्हणजे ३ मिनिटं ३९ सेकंदांचा पेस. एवढा वेगवान माणूसही २४ तासांसाठी आपला १०० किमीचा पेस किलोमीटरमागे ५० सेकंदांनी कमी करतो. मग आपण मॅरेथॉनच्या पेसच्या आसपास सुरुवात करायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

माझी पद्धत अशी. लक्ष्य किलोमीटरच्या पेसमध्ये लिहायचं नाही, फेरीच्या वेळेत लिहायचं, आणि तो कागद टेबलावर चिकटवायचा. पहिल्या दोन तासांत बोर्डाकडे बघायचं नाही. चालण्याचे टप्पे पहिल्या फेरीपासून, दमल्यावर नव्हे. आणि पहिल्या तासात माझा धावपटू टेबलाशी आला की मी मुद्दाम लांबलचक उत्तराचा प्रश्न विचारते: "दुपारी काय काय जेवलीस?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर ठीक. "भात" एवढंच आलं तर पुढच्या पाच फेऱ्या हळू.

पाणी जास्त पिणं

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला इतका रुजलाय की त्यात धोका आहे हे कुणाला पटतच नाही. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याला तो बरोबरच आहे. दहा-बारा तास संथ धावणाऱ्या आणि हाताशी टेबल असलेल्या माणसाचं तसं नाही.

ऑक्टोबर हीटमधल्या एका दिवसाच्या शर्यतीत एक गृहस्थ दर दुसऱ्या फेरीला ग्लासभर साधं पाणी पीत होते. उन्हाची भीती मनात, आणि घरून निघताना सगळ्यांनी बजावलेलं. पाचव्या-सहाव्या तासाला म्हणाले, डोकं जड झालंय, मळमळतंय. क्रूमधल्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी दोन ग्लास दिले. शर्यतीच्या डॉक्टर मुलीनं त्यांचा हात हातात घेतला आणि बोटातली अंगठी फिरवून बघितली. फिरेना. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. वजन केलं तर सकाळच्या नोंदीपेक्षा वाढलेलं. पाच-सहा तास घाम गाळून वजन वाढतं तेव्हा शरीरात पाणी जास्त झालेलं असतं आणि रक्तातलं सोडियम पातळ झालेलं असतं. त्यांना लगेच इस्पितळात नेलं, दुसऱ्या दिवशी बरे होऊन घरी गेले. त्या मुलीनं अंगठी बघितली नसती आणि आणखी तासभर पाणी पाजलं गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जातं, आणि फारच खाली गेलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, माणूस दगावू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त अंतिम रेषेनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. ती चार तासांची गोष्ट. लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे प्यायलेलं जास्तीचं पाणी लघवीवाटे पुरेसं बाहेर जात नाही.

"पण मी इलेक्ट्रॉल घेतो की!" हेही ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे रक्तापेक्षा जवळपास निम्मं. बाजारातल्या बहुतेक क्रीडापेयांत त्याहूनही कमी. त्यामुळे तेही बेसुमार प्यायलं तर सोडियम पातळच होणार. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ढवळून "स्ट्राँग करून" पिणारेही असतात. त्यांना पोट बिघडून त्याच रात्री उत्तर मिळतं.

तहान लागली की प्या, घोट घोट प्या. सुरुवातीला वजन करा आणि दर तीन-चार तासांनी पुन्हा करा. वजन थोडं उतरलेलं असणं योग्य आहे. वाढलं असेल तर पाणी बंद, काहीतरी खारट खा, आणि डोकं दुखत असेल, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर सरळ डॉक्टरकडे. अंगठी घरी ठेवून येऊ नका, ती उपयोगाची आहे.

वेदनाशामक गोळ्या

इथे मी कडक आहे. माझ्या टेबलावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची पट्टी दिसली तर मी ती उचलून ठेवते, मालक कोणीही असो. शरीर कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवायचं काम जी रसायनं करतात, त्यांनाच या गोळ्या अडवतात. त्यात तासन्तास धावून फुटलेल्या स्नायूंचं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात आलेलं असतं आणि तेही मूत्रपिंडालाच गाळावं लागतं. दोन्ही ओझी एकदम पडली तर डायलिसिसपर्यंत पाळी जाऊ शकते. लघवी कोऱ्या चहासारखी झाली की शर्यत तिथेच संपली असं समजा. गोळी घेऊन गुडघा शांत करणं हा शॉर्टकट आहे, आणि या खेळात मला सगळ्यात जास्त चीड याच शॉर्टकटची आहे. गुडघा दुखतोय तो का दुखतोय ते बघा. बूट बदला, वेग उतरवा, चाला. नाहीच जमलं तर थांबा. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा आहे.

खुर्ची

प्रत्येक तासाला पाच मिनिटं बसलात तर बारा तासांत एक तास गेला. ९ मिनिटांच्या पेसनं ते साडेसहा किलोमीटर होतात. २४ तासांत याच्या दुप्पट. आणि पाच मिनिटं कधी पाच राहत नाहीत. बूट काढला की दहा होतात, तंबूत आडवं झालं की पाऊण तास.

बसायचंच असेल तर आधी ठरवून, क्रूला सांगून, आणि बसायच्या आत काय काय करायचं ते ठरवून बसा. माझ्या टेबलाशी खुर्ची असते, पण ती माझ्यासाठी. धावपटूला हवं ते मी चालता चालता त्याच्या हातात देते आणि त्याच्याबरोबर पन्नास मीटर चालते. बूट बदलायचे असतील तर ते दोघांनी मिळून दोन मिनिटांत होतं, लेस मी सोडते, मोजे तो ओढतो. पहाटे दोन ते चार या वेळेत माझे धावपटू खुर्चीकडे बघतातच. तेव्हा मी गरम सूपचा पेला दाखवते आणि म्हणते, "दोन फेऱ्या मार, मग मिळेल." दोन फेऱ्यांनंतर झोप बहुधा उडालेली असते. २४ तासांत पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काहींना मानवते. घ्या, पण गजर क्रूच्या फोनवर, आणि उठवायला आलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, हे शुद्धीत असताना कबूल करून ठेवा.

मात्र चक्कर, छातीत दुखणं, उलटी थांबत नाही, असंबद्ध बोलणं, यातलं काही असेल तर खुर्ची कसली, सरळ स्ट्रेचर. तिथे फेऱ्यांचा विचार कोणी करायचा नाही.

ट्रॅकवर धावणाऱ्यांसाठी

घड्याळावर विश्वास ठेवू नका. सतत वळणं घेताना जीपीएस चुकतं, आणि "माझ्या घड्याळात ८४ दाखवतंय, तुम्ही ८१ का म्हणता" हे भांडण दर वेळी होतं. खरं अंतर फेऱ्या गुणिले ४००, बस.

आतल्या लेनची फेरी ४०० मीटरची असते. दुसऱ्या लेनमधून गेलात तर साधारण ७ मीटर जास्त. दोनशे फेऱ्या गप्पा मारत दुसऱ्या लेनमधून मारल्या तर जवळजवळ १.४ किमी फुकट धावलात, त्याची नोंद कुठेच होत नाही. ओलांडायचं तेवढ्यापुरतं बाहेर जा, लगेच आत या. चालणाऱ्यांनी कुठल्या लेनमध्ये राहायचं याचा नियम आयोजक सांगतात. तो वाचून या आणि पाळा, मागून येणाऱ्याचा जीव जातो हो तुमच्या तिघांच्या रांगेपायी!

फेऱ्या आपोआप मोजणारी चिप लावली असली तरी क्रूनं वहीत फेऱ्या लिहाव्यात. फेरी हुकली असं वाटलं तर तेव्हाच सांगा, शर्यत संपल्यावर नाही.

काही तासांनी दिशा बदलतात. सतत डावीकडे वळून एकाच बाजूच्या नितंबावर आणि घोट्यावर ताण येतो, म्हणून ही सोय. दिशा बदलल्यावरच्या पहिल्या फेऱ्या जरा सावकाश घ्या.

शेवटच्या मिनिटांत हातात तुमच्या नंबराची खूण देतात. शिट्टी झाली की जिथे असाल तिथेच ती ठेवायची, शेवटच्या अपुऱ्या फेरीचं अंतर तिथपर्यंत मोजतात. शिट्टी झाल्यावर चार पावलं पुढे जाऊन ठेवणारे मी पाहिलेत. असं करू नका.

खाणं

ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं हा बहुतेकांना झेपणारा आकडा, पण पहिल्या तासापासून. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. नुसत्या जेलवर बारा तास कुणाचं पोट राहत नाही. माझ्या डब्यात मीठ लावलेले उकडलेले बटाटे, पिकलेली केळी, चिक्कीचे तुकडे, मऊ दहीभात, आणि रात्रीसाठी पातळ मुगाची खिचडी असते, वरून तूप नाही. साबुदाण्याची खिचडी आणू नका, तेल आणि दाण्याचा कूट चौथ्या तासानंतर पोटात बसतात. जे सरावात खाल्लं नाही ते शर्यतीत खायचं नाही, मग शेजारच्या टेबलावरचे गुलाबजाम कितीही चांगले दिसोत.

पाय आणि कातडी

बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. व्हॅसलीन जांघेत, काखेत, स्तनाग्रांना, पायाच्या बोटांमध्ये, आणि दर तीन तासांनी पुन्हा. ऑगस्टमधल्या मुंबईत मोजे कोरडे राहणारच नाहीत, म्हणून तीन जोड ठेवा आणि बदलताना पाय पुसून कोरडे होऊ द्या. चुणचुणायला लागलं की त्याच फेरीत टेप लावा, फोड आल्यावर नाही. नवीन बूट, नवीन टी-शर्ट, नवीन काहीही त्या दिवशी नको.

तयारीतली घाई

पहिली मॅरेथॉन झाल्यावर तीन महिन्यांत चोवीस तास, असं सांगणारे प्लॅन आता मोबाईलवर ढिगानं मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिली अल्ट्रा ५० किमीची किंवा सहा तासांची असावी, आणि त्याआधी वर्षभर नियमित धावण्याची सवय असावी. हृदय आणि फुप्फुसं काही महिन्यांत तयार होतात. अस्थिबंध, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे तंतू) आणि हाडं त्यापेक्षा कितीतरी हळू तयार होतात, आणि ती नेमकी सराव जोरात आलेला असताना मोडतात.

आत्मविश्वास यावा म्हणून आधी एकदा ७०-८० किमी धावून बघायची गरज नाही. त्यातून आलेला थकवा शर्यतीपर्यंतही भरून निघत नाही. शनिवारी तीन-चार तास आणि रविवारी दमल्या पायांनी पुन्हा अडीच-तीन तास, हे जास्त उपयोगी. आणि चालायचा सराव करा. १० मिनिटांना किलोमीटर चालणं हे कसब आहे, ते आपोआप येत नाही. मी माझ्या लोकांना आठवड्यातून एकदा तासभर नुसतं जोरात चालायला लावते, आणि सगळ्यात जास्त कुरकुर त्याच दिवशी ऐकते.

जिथे धावणार आहात तसा सराव करा. ट्रॅकवर बारा तास केलेल्यानं सिंहगड-राजगड-तोरण्याच्या डोंगरी शर्यतीला त्या हिशेबानं जाऊ नये. तिथे किलोमीटरला किती वेळ लागेल ते चढ आणि दगड ठरवतात. खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे विरळ हवेची सवय व्हायला आधी जाऊन राहावंच लागतं. रजा मिळत नसेल तर ती शर्यत त्या वर्षी सोडा. कॉम्रेड्स डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या मधे, साधारण ८६ ते ९० किमी, बहुतेक वेळा एक वर्ष चढाची तर एक वर्ष उताराची अशी धरतात. उताराचं वर्ष सोपं समजून जाणारे मोडलेल्या मांड्या घेऊन परत येतात. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि मार जास्त बसतो. उताराचा सराव घाटात करा, साताऱ्याजवळ यवतेश्वरचा रस्ता आहे, पुण्याजवळ सिंहगडचा. आणि कट-ऑफ (शर्यत संपवायची मुदत) तिथे बारा तासांचा आहे. तो वर्षानुवर्षं बंदुकीपासून बंदुकीपर्यंत मोजत आले, तुम्ही गर्दीत सुरुवातीची रेषा किती उशिरा ओलांडली याचा विचार होत नसे; त्या वर्षीचा नियम बघून घ्या. तुमच्या हिशेबात ती मिनिटं आधीच वजा करून ठेवा.

क्रूला काहीही न सांगता आणणं

त्या धाकट्या भावाची मला फार दया आली होती. वही होती, मन होतं, पण दादाला थांबवायचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. क्रूला आधी लिहून द्या: काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठल्या लक्षणाला डॉक्टर बोलवायचा, आणि कुठल्या गोष्टीत तुमचं ऐकायचं नाही. शक्यतो आई-वडिलांना रात्रीच्या क्रूला बसवू नका. लेकराला लंगडताना बघून ती पहिल्या अडचणीला "पुरे झालं, घरी चल" म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

संपल्यावर

एकदम आडवे होऊ नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे लगेच बदला, शरीर भराभर थंड पडतं. पहिली लघवी कधी झाली आणि कुठल्या रंगाची, हे क्रूला सांगा. सहा-आठ तासांत झालीच नाही किंवा गडद झाली तर तपासणीला जा. वेदनाशामक गोळी निदान तोवर तरी नको. आणि रात्रभर जागून, बारा तास धावून स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही. द्रुतगती मार्गावर तर नाहीच. चालवणारा माणूस नाव घालतानाच ठरवून ठेवा.